इटली साडेसातला सुटते

लग्न करून मी ज्या घरात आले, त्या घरात तीन माणसं होती आणि तिघांची तीन पथ्यं. मामंजींना रक्तदाब, म्हणून मीठ बंद. सासूबाईंना साखरेचा आजार, म्हणून भात, बटाटा आणि गोड बंद. आमच्या ह्यांनी गिरणीच्या ऑफिसात बसून बसून पोटात अल्सर करून घेतलेला, म्हणून तिखट बंद. सोलापुरात राहून तिखट बंद! मग ताटात उरलं काय, तर ताट. मला कसलंच पथ्य नव्हतं, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे. दिवसभर शाळेत भूगोल शिकवायचा आणि संध्याकाळी घरी येऊन एकाच भाजीची तीन पातेली चढवायची. शनिवार-रविवार कसेबसे निभायचे, पण शाळेच्या दिवशी नाकी नऊ यायचे. आणि एवढं करून तिघंही तोंड वाकडं करूनच जेवायचे.

पण खरी काळजी भाजीची नव्हती, सासूबाईंची होती. त्यांना रोज संध्याकाळी इन्शुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागायचं. ह्यांनी ते टोचायला शिकून घेतलं होतं. इंजेक्शन झालं की अर्ध्या तासात जेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. इथंच घोडं अडायचं. मामंजी रेल्वेत गार्ड होते. उभा जन्म घड्याळाकडे बघत गाड्या सोडल्या, आणि रिटायर झाल्या दिवसापासून घड्याळाशी बोलणंच टाकलं. संध्याकाळी जुन्या मित्रांकडे पत्ते कुटायला जायचे, ते कधी आठला यायचे, कधी नऊला. आणि ते जेवून उठल्याशिवाय सासूबाई घासाला शिवायच्या नाहीत.

एका संध्याकाळी व्हायचं तेच झालं. इंजेक्शन झालेलं, मामंजींचा पत्ता नाही, आणि सासूबाई दारात उभ्या राहून वाट बघताहेत. बघता बघता त्यांना घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, मला सूनबाई म्हणायच्या ऐवजी त्या कुण्या भलत्याच नावानं हाक मारायला लागल्या. ह्यांनी त्यांना धरून बसवलं, मी साखरेचं पाणी घोटघोट पाजलं, तेव्हा कुठं डोळ्यांत ओळख आली. डॉक्टर आले आणि आम्हा सगळ्यांना फैलावर घेतलं. म्हणाले, ह्या वेळेला निभावलं, पुढच्या वेळेला मी येईपर्यंत ह्या असतीलच असं नाही.

मामंजी बिचारे पार उतरले. म्हणाले, "अगं, जेवत जा की तू! कोण नगं म्हणतंय?"

"तुमी म्हणता वो," सासूबाई म्हणाल्या, "पण तुमच्या आदी मला घास उतरत न्हाय. आजवर कदी जेवले न्हाय, आता ह्या वयात काय नवं?"

"मग मी येळेवर येतो."

"आला तरी तुमचं झाल्यावरच की."

बाई हटेना. मी समजावलं, ह्यांनी समजावलं, शेजारच्या विणकराच्या बायकोनं तेलुगूमिश्रित मराठीत झापलं. काही उपयोग नाही. तापट स्वभावाच्या माणसाशी भांडता येतं हो, मी स्वतःच तशी आहे. पण ह्या बाई हसून मान हलवायच्या आणि करायचं तेच करायच्या. मला असा संताप यायचा, की पोळपाट आपटावासा वाटायचा. एकदा आपटलाही. त्याचा एक पाय गेला, सासूबाई तशाच.

मला सुचलं ते सातवीच्या वर्गात. फळ्यावर युरोपचा नकाशा टांगला होता आणि मी इटलीवर छडी ठेवून उभी होते. सासूबाईंचा एक स्वभाव मला ठाऊक होता. कुठलंही व्रत असो, ज्याची जी रीत, ती त्या काटेकोर पाळायच्या. ह्या वाराला हे चालतं, त्या पूजेला ते चालत नाही, ह्यात तसूभर इकडंतिकडं खपायचं नाही. मग काय, बायकांच्या एका मासिकात देशोदेशींचे पदार्थ यायचे, ती पानं मी गोळा केली आणि रविवारी संध्याकाळी जाहीर करून टाकलं, की उद्यापासून रोज एका देशाचं जेवण. पातेलं एकच. त्यात मीठ नाही, साखर नाही, मिरची नाही.

"आन् चव?" मामंजींनी विचारलं.

"तिकडं असंच लागतं," मी म्हटलं. ह्या एका वाक्यावर मी पुढं कितीतरी महिने काढले. तिकडं कसं लागतं, हे आमच्या आळीत कुणाच्या बापाला माहीत होतं? मी तरी सोलापूर सोडून हैदराबादच्या पलीकडं कुठं गेले होते!

"आणि एक," मी सासूबाईंना म्हटलं, "ज्या देशाचं जेवण, त्या देशाची रीत पाळावी लागते. नाहीतर ते अन्न बाधतं. परदेशात घरातली मोठी बाई पहिला घास घेते. तिनं घेतल्याशिवाय पुरुषांनी ताटाला हात लावायचा नसतो. आणि साडेसात म्हणजे साडेसात."

इतकी धडधडीत थाप मी आयुष्यात मारली नव्हती. आमचे हे तर ठसक्यानं लाल झाले. पण सासूबाई गंभीर होऊन म्हणाल्या, "असं हाय व्हय? मग पाळाय पायजे. भूगोल शिकवती ती, तिला म्हाईत असणार." मामंजींनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाले, "टाइमटेबल लावा भिंतीला."

सोमवारी इटली. मासिकात लांबलांब शेवया दाखवल्या होत्या. मैदा सासूबाईंना चालणार नाही, म्हणून मी ज्वारीचं पीठ उकडून सोऱ्यातून पाडलं, वाफवलं आणि वर टोमॅटो-लसणाचा रस्सा ओतला. ज्वारीला चिकटपणा नाही, त्यामुळं इटली तुकड्यातुकड्यांनी ताटात आली. मामंजी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सासूबाईंनी पदर सावरला, चोरून इकडंतिकडं बघितलं आणि एक घास तोंडात टाकला. साडेसातला! ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी ह्यांच्याकडं. मग मामंजी म्हणाले, "सुटली गाडी," आणि जेवायला लागले. त्यांच्या पांढऱ्या मिशा टोमॅटोनं लाल झाल्या. कसं लागलं विचारलं, तर म्हणाले, "पोटात गेलं की कळंल."

चीनच्या दिवशी कोबी, गाजर, लिंबू आणि आलं. तिथं काड्यांनी जेवतात म्हटल्यावर मामंजींना भलताच हुरूप आला. "माज्या झेंड्याच्या दांड्या काडू का?" आणि खरंच ट्रंकेतून हिरवा आणि लाल, दोन्ही झेंडे काढून बसले. सासूबाईंनी त्या दांड्या हिसकावून घेतल्या नसत्या, तर मंगळवारी कोबी झेंड्यानं खाल्ला असता. मेक्सिकोला मी आधीच करून ठेवलेली मक्याची गार भाकरी आणि राजम्याची उसळ वाढली, तर मामंजी म्हणाले, "ह्ये तर आपलंच हाय की! चोरलं वाटतं त्येनी." रशियाचं काकडी घातलेलं गार दह्याचं सूप बघून म्हणाले, "ह्येला आमच्यात ताक म्हणत्यात." पण सगळ्यांत हाल झाले ते इंग्लंडच्या शुक्रवारी. उकडलेली फरसबी, उकडलेलं गाजर, उकडलेला फ्लॉवर. मामंजींनी दोन घास खाल्ले आणि ताटाकडं बघतच राहिले.

"ह्ये खाऊन त्येनी आपल्यावर राज्य केलं?"

"हो, मामंजी."

"तरीच आले हिकडं. जेवायला आले असतील."

अमेरिका मात्र कुणी करू दिली नाही. दुष्काळात रेशनवर तिकडची लाल मिलो ज्वारी खाऊन सगळ्यांचं पोट आणि डोकं दोन्ही बिघडलं होतं. "अमेरिका लई खाल्ली," मामंजी म्हणाले, "आता पुन्यांदा न्हाय."

गंमत म्हणजे ते रोज वेळेवर यायला लागले. पत्त्यांचा डाव ऐन रंगात आला असला, तरी पानं टाकून उठायचे. मित्र विचारायचे, का रे बाबा, तर मामंजी ऐटीत सांगायचे, "आज जपान हाय घरी, उशीर करून चालत न्हाय." त्यांचे मित्र माझ्याकडं एकदम आदरानं बघायला लागले. एकजण तर फ्रान्स कधी आहे, म्हणून विचारून गेला. सासूबाईंची लाज हळूहळू गेली. आधी त्या पहिला घास पदराआड घ्यायच्या, पुढं उघड घ्यायला लागल्या, आणि एकदा तर सगळे खोळंबलेले असताना मुद्दाम सावकाश चावत बसल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि साखर आता ताळ्यावर आहे म्हणाले. मला शाळेत जाताना नाचावंसं वाटत होतं.

आणि मग करमाळ्याहून थोरल्या आत्या आल्या. मामंजींची मोठी बहीण. डोळ्यांच्या ऑपरेशनला आलेली, पण जिभेचं ऑपरेशन करायला हवं होतं. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक मला वाचून दाखवायला लावलं.

"बुधवार, मेक्सिको. ह्ये काय असतंय?"

"एका देशाचं जेवण, आत्या."

"मला न्हाय लागत असलं देशबिश. पिठलं-भाकरी कर गुमान."

मोठ्या माणसापुढं काय बोलणार? ह्यांनी सासूबाईंना इंजेक्शन दिलं, मी पिठलं केलं, पाटपाणी मांडलं. मामंजी वेळेवर आले, आत्या मोठ्यानं स्तोत्र म्हणत येऊन बसल्या, हे बसले. आणि सासूबाई? त्या उठल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि चुलीशी माझ्याजवळ येऊन टेकल्या.

"आई, ताटावर बसा," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"आज आपलं जेवण हाय. आपल्या जेवणाला आपली रीत. तूच म्हणाली हुतीस की."

मी कपाळावर हात मारून घेतला. माझीच थाप माझ्या अंगाशी आली होती. बरं, त्यांच्या वन्सं समोर बसलेल्या, त्यामुळं बाई आज काही केल्या हलणार नव्हती. तिकडं आत्यांचं स्तोत्र काही संपेना, एक झालं की दुसरं सुरू. ते झाल्यावर त्या जेवणार, मग मामंजी, मग पान सुपारी, मग आम्ही. मी तव्यावर भाकरी टाकली, पण लक्ष सगळं सासूबाईंच्या कपाळाकडं. ओठावर घामाचे थेंब दिसायला लागले. मला रडायलाच येत होतं. आता आत्यांना काय वाटेल ते वाटो, म्हणून मी उठणार, तेवढ्यात मामंजींचा आवाज आला.

"हिकडं ये. बस हितं. पयला घास तू घे."

स्तोत्र थांबलं. आत्यांनी भावाकडं बघितलं. "ह्ये कुटल्या देशाचं रं?"

"कुटल्याच न्हाय. जगात कुटंबी असली रीत नसंल. सूनबाईनं बनीवलीय ती." आणि मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पयल्याच दिवशी वळखलं हुतं म्या. पण ही जेवत हुती, येळेवर जेवत हुती. मग म्हटलं, इटली तर इटली."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. म्हणजे ह्या माणसानं नुसत्या थापेखातर ज्वारीची इटली गिळली, बिनमिठाचं इंग्लंड गिळलं, रोज हातातला डाव टाकून घरी आला, आणि एका शब्दानं कळू दिलं नाही.

"अवो, पण वन्सं—" सासूबाई म्हणाल्या.

"ती थांबती. व्हय की न्हाय, अक्का?"

आत्यांनी तोंड उघडलं, सासूबाईंच्या घामाघूम चेहऱ्याकडं बघितलं, आणि मिटलं. "बस बाई," त्या म्हणाल्या, "हिकडं माजं पिठलं निवालंय."

सासूबाई येऊन बसल्या. मी तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर शेकली, टम्म फुगली तशी उचलून सरळ त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी ती फोडली. आतून वाफ आली, बोटं पोळली, तरी त्यांनी तसाच तुकडा मोडून तोंडात घातला. मग चावता चावता थांबल्या. मला वाटलं, त्यांना परत गरगरतंय.

"काय झालं, आई?"

त्यांनी मान हलवली. डोळे भरून आले होते आणि ओठांवर हसू होतं.

"माहेरी खाल्ली हुती, आईच्या हातची," त्या म्हणाल्या. "गरम भाकरी अशी लागती, इसरलेच हुते की गं मी."

मामंजी खाली मान घालून आपल्या ताटाकडं बघत बसले. मी तोंड फिरवून परातीत पीठ घेतलं आणि सासूबाईंसाठी दुसरी भाकरी थापायला लागले.