रांगेतली सुमेधा

सुमेधाच्या वडिलांचा सांगलीत बॅण्ड होता. अण्णांनी लेकीला क्लॅरिनेट शिकवलं, तेही जीव ओतून. पण वरात निघाली की ती घरात. मुलींनी रस्त्यावर वाजवायचं नाही, हा त्यांचा कायदा. कायदा करणारा विसरून जातो, पाळणाऱ्याला तो जन्मभर सलतो.

पुढे ती परदेशात, आयंडहोव्हनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करू लागली, शेजारच्या खेड्यात तिनं घर केलं. पन्नाशी उलटली, तरी रस्त्यानं वाजवत चालायची हौस काही फिटेना. त्या खेड्याचाही बॅण्ड होता. फानफारे म्हणतात त्याला. बाईसाहेब क्लॅरिनेट घेऊन थेट तालमीला हजर.

तिथले जुने वादक टून म्हणाले, "फानफारेत क्लॅरिनेट नसतं. पितळी वाद्यं, ढोल आणि सॅक्सोफोन, एवढंच."

"मग सॅक्सोफोन द्या," सुमेधा म्हणाली.

मिळाला, पण बोटांची खोड जाईना. क्लॅरिनेटवर वरच्या सप्तकात गेलं की त्याच सुराची बोटं बदलतात. तिची बोटं सवयीनं तशीच पळत आणि वरचा सूर भलताच निघे.

"हे बनवणारा साक्स इथलाच, पलीकडच्या बेल्जियममधला," टून म्हणाले. "स्वतः क्लॅरिनेट वाजवायचा. त्यानं तसंच बोरूची पट्टी लावलेलं तोंड घेतलं आणि पितळेच्या रुंदावत जाणाऱ्या नळीला बसवलं. आता खाली जी बोटं, वरही तीच."

सुमेधाला ते वाद्य आवडून गेलं. पितळी म्हणावं तर तोंड बोरूचं, लाकडी वाद्यांत बसवावं तर अंग पितळेचं. बनवणाऱ्यावर म्हणे इतर वाद्यकारांनी खटलेही भरले. तरी आज ते इथं हक्कानं रांगेत आहे. अण्णांचं शिकवणंही काही वाया गेलं नव्हतं. फुंक तीच होती, बोटं तेवढी नवी.

तिथल्या राजाच्या वाढदिवसाला मिरवणूक निघाली. फुटपाथवरून तिचा नवरा नीळकंठ फोन धरून चालत होता आणि सांगलीत अण्णा बघत होते. मिरवणूक संपल्यावर तिनं घाबरतच फोन हातात घेतला. इतक्या वर्षांनी त्यांचा कायदा तिनं त्यांच्याच डोळ्यांदेखत मोडला होता.



"वळणावर आतल्या बाजूच्यानं पाऊल आखूड टाकायचं असतं," अण्णा म्हणाले. "तू रांगेच्या पुढं गेलीस."

असली बोलणी अण्णा फक्त आपल्या बॅण्डच्या माणसांना ऐकवत. सुमेधाला रडू आवरेना.

"पुन्हा नाही होणार, अण्णा," ती म्हणाली.