तीन ताकिदी

"इथं समोरच्याला हात लावावाच लागतो ना?"

क्लासच्या दारात उभं राहून धाकटीनं विचारलेला हा पहिला प्रश्न. सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं ते तेव्हा. ताय चीच्या, म्हणजे संथ चिनी व्यायामाच्या, वर्गाला येणारी माणसं गुडघ्यांचं विचारत, झोपेचं विचारत, चपला कुठं काढायच्या ते विचारत. ही इस्पितळातल्या मावश्या घालतात तसा निळा झगा घालून आली होती, हाताला अजून डेटॉलचा वास होता, आणि तिला फक्त एवढंच हवं होतं.

"ताय ची एकट्यानं करायची," सर म्हणाले. "तुम्ही म्हणताय ते पुश हँड्स. त्यात दोघं समोरासमोर उभी राहतात, मनगटाला मनगट लावतात आणि एकमेकांचा तोल घालवतात."

"आणि समोरच्यानं मनगट काढून घेतलं तर?"

"तर पंच त्याला रागावतो. मनगटं लागलेलीच राहिली पाहिजेत." सरांना गंमत वाटली. "बाई, तुम्हाला शिकायचंय की कुणाशी भांडायचंय?"

"भांडण झालंय," धाकटी म्हणाली. "शिकायचं राहिलंय."

भांडण थोरल्या बहिणीशी होतं. अक्का तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. ती शहरात बस चालवायची आणि पुश हँड्सच्या स्पर्धांत दरवर्षी शेवटच्या दोघींत असायची. वडील लवकर गेले, आई दिवसभर कामावर, तेव्हा धाकटीला वाढवलं ते अक्कानंच. मनगट धरून शाळेत न्यायची, मनगट धरून रस्ता ओलांडून द्यायची आणि खोटंही मनगट धरूनच पकडायची. साखरेची बरणी रिकामी सापडली की धाकटीच्या नाडीवर अंगठा ठेवून विचारायची, "कुणी खाल्ली?" धाकटी म्हणे, मांजरानं. "मांजर राहू दे. तुझी नाडी उडतेय." हे तंत्र कधी चुकलं नाही. धाकटीचाही त्यावर इतका विश्वास बसला की पुढे पुढे अक्कानं हात पुढे केला की ती आधीच कबूल करून मोकळी व्हायची.

दोन वर्षांपूर्वी मात्र ती फोनवर खोटं बोलली, आणि फोनवर नाडी लागत नाही.

आई तेव्हा धाकटीकडेच अंथरुणाला खिळलेली होती. दिवसा वॉर्डात पेशंट उचलायचे, घरी येऊन आईला उचलायचं, यात धाकटी पिचून गेली होती. अक्का यायची, पण ड्युटीतून सुटली तर आणि सराव नसला तर. एका दुपारी धाकटीचा धीर सुटला. तिनं स्पर्धेच्या हॉलवर फोन लावला आणि सांगितलं, "आई जातेय. असशील तशी नीघ." अक्काची त्या दिवशी फायनल होती. ती तशीच निघाली. मागं तिचं नाव तीनदा पुकारलं गेलं आणि सामना दुसरीला देऊन टाकला. इकडे अक्का धापा टाकत जिने चढून आली, तर आई उशीला टेकून केस विंचरत बसलेली. "अगं, तू कशी काय या वेळी?"

अक्कानं धाकटीकडे पाहिलं. मनगटसुद्धा धरलं नाही. "या घराची पायरी मी पुन्हा चढायची नाही," एवढंच म्हणाली आणि खरंच चढली नाही. फोन उचलेना, दार उघडेना. धाकटी एकदा तिच्या बसमध्ये चढली, तर काचेपलीकडून अक्का म्हणाली, "चालकाशी बोलू नये," आणि पुढच्या स्टॉपवर दार उघडून थांबली, ही उतरेपर्यंत. घरी आई खालच्या रस्त्यावर बसचे ब्रेक वाजले की मान वळवायची. "थोरलीची गाडी का गं?" रोज. पहिल्या बसपासून शेवटच्या बसपर्यंत.

म्हणून धाकटी क्लासला जाऊ लागली. आपण तिच्या वजनी गटात आहोत, बायका थोड्या, कधी ना कधी ती समोर येईलच, आणि समोर आली की मनगट काढून घेता यायचं नाही. एवढाच हिशेब.

गंमत अशी की ती त्यात चांगली निघाली. अंगावर येणारं वजन कसं झेलायचं, कुठं मऊ व्हायचं, कंबर कधी वळवायची, हे वॉर्डात वर्षानुवर्षं केलेलं. तिला ढकलायला गेलेला माणूस आपल्याच जोरानं पुढे कोलमडायचा. पण तो कोलमडला रे कोलमडला की धाकटीचे दोन्ही हात त्याच्या काखेत. घट्ट. पडू द्यायचीच नाही.

"अहो, समोरची पडली तर दोन गुण आहेत तुम्हाला," सर कळवळून म्हणायचे.

"पडली तर लागेल ना तिला."

"लागू दे. पकडणं हा फाउल आहे."

"कळतंय हो मला. हातांना कळत नाही."

मग एका आठवड्यात आईनं जेवण टाकलं. आधी भात, मग पेज, मग पाणीही चमच्यानं. बसचे ब्रेक वाजले तरी मान वळेना. धाकटीनं वॉर्डात असे चेहरे पुष्कळ पाहिले होते, तिला डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. शेजारच्या काकूंनी आपल्या फोनवरून अक्काला गाठलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मागच्या वेळीही जातच होती."

रविवारी स्पर्धा होती. धाकटी सरांकडे गेली. "नियम पुन्हा एकदा सांगा. सगळे."

सरांनी सांगितले. जमिनीवर वर्तुळ. आधी मनगटं लावून तीन संथ फेरे, त्यात ढकलायचं नाही. पंचानं सुरू म्हटलं की ढकलायचं, तेही कमरेच्या वर आणि मानेच्या खाली. वर्तुळाबाहेर पाय पडला की समोरच्याला एक गुण, पडलात की दोन. मारायचं नाही, पकडायचं नाही, बोलायचं नाही. यातलं काही केलं की ताकीद. तिसऱ्या ताकिदीला बाद.

"म्हणजे तीनदा बोलता येतं," धाकटी म्हणाली.

"बोलायचं नाही असा नियम आहे, बाई."

"तेच म्हणते मी. तीनदा."

तिनं तीन वाक्यं ठरवली. या वेळी खरं आहे. आई पाणी घेत नाही. आजच ये. इस्पितळात बेडपॅन धुताना, आईला कुशीवर वळवताना, ती ओठांतल्या ओठांत तीच घोळवायची. मनगटाला मनगट लागलेलं असताना बोलायची, म्हणजे अक्काला आपोआप कळेल. दुसरा उपाय तिला दिसत नव्हता, आणि दिवस हातातून चालले होते.

रविवारी काकूंना आईपाशी बसवून ती हॉलवर गेली. पहिल्या लढतीत समोरची बाई पाय मुरगळून बसली, आणि पुढच्या फेरीत, सेमीफायनललाच, अक्का समोर आली. अक्कानं नाव ऐकलं, चेहरा दगडासारखा ठेवला आणि मनगट पुढे केलं. दोन वर्षांनी तो हात लागला. स्टिअरिंगनं तळवा पूर्वीपेक्षा खरखरीत झाला होता. तीन फेरे सुरू झाले. धाकटीनं तोंड उघडलं आणि नुसतेच फेरे मोजत राहिली. पहिला फेरा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला.

"सुरू," पंचबाई म्हणाल्या.

अक्का वळूच्या ताकदीनं आली. धाकटी मऊ झाली, कंबर वळली, अक्काचा तोल गेला, आणि धाकटीचे हात तिच्या काखेत जाऊन बसले.

"पकडलं. पहिली ताकीद."

प्रेक्षकांत हशा पिकला. एक वाक्य गेलं.

अक्काला राग आला होता. ती पुन्हा आली, या वेळी खालून, खांद्यानं. धाकटीच्या मनात एकच, आता बोल, आता बोल. पण अक्काचा पाय सटकला, ती मागे कलली, डोकं थेट जमिनीकडे, आणि विचार करायच्या आत हातांनी आपलं काम केलं होतं.

"दुसरी ताकीद. बाई, हे काय चाललंय?"

उरलं एक. मनगटं पुन्हा लागली. धाकटीला हॉल दिसेना, सर दिसेनात. ती अक्काच्या खांद्याशी झुकली आणि पंचबाईंनाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "अक्का, या वेळी खरं आहे."

अक्का थांबली. मग तिची बोटं वळली आणि धाकटीचं मनगट तिनं मुठीत घेतलं. अंगठा बरोबर नाडीवर.

"पकड सोडा," पंचबाई म्हणाल्या. "तुम्हाला पहिली ताकीद."

अक्कानं सोडलं नाही. डोळे मिटून ती ऐकत होती, लहानपणी ऐकायची तशी. आणि धाकटीची नाडी उडत होती. उडणार नाही तर काय? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, सकाळपासून पोटात अन्न नाही, वर अक्कासारख्या बाईशी झुंज. ती श्वास रोखून उभी राहिली. घाबरलेल्या पेशंटला सांगायची तसं तिनं स्वतःला सांगितलं, हळू, हळू, काही होत नाही. नाडी आणखी पळाली. जितकी ती आवरायला जावी तितकी ती पिंजऱ्यातल्या उंदरासारखी धडका मारत राहिली.

"दुसरी ताकीद. सोडा म्हणते ना."

एवढ्या मोठ्या स्पर्धेत, एवढ्या लोकांसमोर, अक्का हलली नाही. ती वाट पाहत होती. नाडी बसावी म्हणून वाट पाहत होती, हे धाकटीला कळलं, आणि कळल्यावर तर नाडी सुटलीच.

"तिसरी ताकीद. बाद."

अक्कानं मनगट सोडलं. "उडतेय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. पाठ वळवून ती वर्तुळाबाहेर गेली. पंचबाईंनी धाकटीचा हात धरून वर केला. तिला वाटलं, आपल्यालाच बाहेर काढताहेत. ती हात सोडवून, पिशवी उचलून, चालू पडली.

घरी काकू पलंगाशी स्टुलावर बसल्या होत्या. "काही फरक नाही," त्या म्हणाल्या. धाकटीनं कापूस ओला करून आईचे ओठ पुसले. खाली बसचे ब्रेक वाजले. पुन्हा वाजले. तिनं किती बस ऐकल्या कोण जाणे. आता कुणाकडे जायचं, काय सांगायचं, काहीच उरलं नव्हतं. खरं बोलायची एक वेळ होती आणि तीही खोट्यात जमा झाली.

दार वाजलं. अक्का उभी होती. अंगावर स्पर्धेचेच कपडे, बुटांच्या नाड्या सुटलेल्या.

"तुझं नाव पुकारत होते," ती म्हणाली.

"माझं कशाला? मी बाद झाले."

"बाद मी झाले. तू फायनलला होतीस." अक्का उंबऱ्यातच थांबली होती. "मी हॉलच्या पायरीवर बूट घालत होते. तीनदा पुकारलं. तू नव्हतीस."

धाकटीला खरंच ठाऊक नव्हतं.

"फायनल टाकून कुणी उगीच जात नाही," अक्का म्हणाली. "मी गेले होते, मला माहीत आहे."

काकू उठल्या आणि आपल्या घरी गेल्या. अक्का आत आली, पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं आईचं मनगट हातात घेतलं. अंगठा ठेवला. सरकवला. पुन्हा ठेवला. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"लागत नाही गं."

"मनगटात नाही सापडायची आता. मानेला बघ, इथं." धाकटीनं तिची बोटं धरून योग्य जागी नेली. तिथं ती होती, बारीक, दमलेली. दोघी बराच वेळ तशाच बसल्या, एकीच्या बोटांवर दुसरीची बोटं.

"दोन वर्षं रोज तुझी गाडी ऐकत होती," धाकटी म्हणाली.

"माझा रूट इथून जातच नाही."

"तिला कुठं सांगितलं मी ते."

आईनं डोळे उघडले नाहीत. एकदा बोटं हलली, ती कुणासाठी हे कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी, अक्का घोटभर चहा घ्यायला आत गेली होती तेवढ्यात, आई गेली. त्या दोघींनी एकमेकींची माफी वगैरे मागितल्याचं काकूंनी तरी ऐकलं नाही. अक्का घर आवरायला लागली आणि धाकटी तिला भांडी कुठं ठेवायची ते सांगायला लागली, एवढंच.

धाकटी आता स्पर्धेत उतरत नाही. मोठ्या सामन्यांना ढकलले जाणारे भिंतीवर आपटू नयेत म्हणून त्यांना पकडायला वर्तुळाबाहेर दोन-तीन माणसं उभी करतात. सकाळपाळी नसली की रविवारी ती तिथं उभी असते.