मामांचा गाळलेला शब्द

आमच्या हिच्या मामांइतका बेचैन माणूस पेण ते रोहा या पट्ट्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये; एकट्यानेच माझा जीव मेटाकुटीला आणला होता. बसले की पाय हलतोय, उठले की फेऱ्या सुरू. पेणच्या एका गणपती कारखान्यात ते आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. हातात कुंचला आला की मात्र हाच माणूस दगडासारखा स्थिर! मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "जावईबापू, देव बघायला लागतो तेव्हा आपण हलायचं नाय." डोळा पुरा झाला की पुन्हा फेऱ्या.

लग्न त्यांनी केलं नाही. भक्ती दोघांची केली, एक गणपती आणि दुसरी राज्यघटना. शाळेच्या कुठल्याशा पुस्तकातलं उद्देशिकेचं पान फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी टांगलेलं, आणि आंघोळ झाली की त्यालाही हळदकुंकू. रोज बोट टेकून टेकून 'समाजवादी' हा शब्द लालभडक झाला होता. त्यांची थोरली बहीण, रोह्याची आक्का, दर गणपतीत मोदक करायला पेणला यायची. ती म्हणायची, "देवाशेजारी कायदा टांगलास, आता पाटावर एक वकील पण बसव!" मामा म्हणत, "अगो आक्का, देवानं माणसं केली आणि माणसांनी हे पान केलं. दोन्ही कामं चांगलीच झाली की."

तर या घरात आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, तरी हातातली फुलं वाहायची नाहीत. आधी सगळ्यांनी उद्देशिका म्हणायची. मोदकांची वाफ नाकात जातेय, नागोठण्याला माझी दुसरी शिफ्ट वाट बघतेय, आणि आम्ही आपले हात जोडून प्रजासत्ताक घडवतोय! त्र्याण्णवच्या गणपतीत तर कहर झाला. मुंबईच्या दंगलींनंतर त्या वर्षी जो तो आपला कोण, परका कोण, हेच मोजत होता. त्याने मामांच्या फेऱ्या दुप्पट झालेल्या. ऐन वेळी ते ओरडले, "थांबा! 'आम्ही' अजून पुरे नाय झाले."

अंगणात पत्रीवाली उभी होती. डोंगराकडच्या कातकरवाडीतली ही बाई वर्षानुवर्षं आमच्या गणपतीला दुर्वा आणि पत्री आणून द्यायची आणि खालूनच हात जोडून जायची. मामा म्हणाले, "ताई, वर या." आक्का कडाडली, "ती ओटीवर चढली, तर मी ही अश्शी रोह्याच्या एसटीत बसते. मग नैवेद्य कर तुझा तूच!"

"नको दादा, मी हितंच बरी हाय," पत्रीवाली म्हणाली. "देव हितनं पन दिसतोय."

मामांचा चेहरा उतरला. आईमागे त्यांना वाढवलं होतं ते आक्काने. ते फ्रेमकडे वळले आणि सुरू केलं, "भारताचे लोक..."

"मामा, 'आम्ही' राहिलं," मी आपला शहाणपणा केला.

"देवासमोर खोटं बोलू काय?"

त्या दिवशी त्यांनी मोदकाला हात लावला नाही. पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दर वर्षी पहिला शब्द गाळायचा आणि आक्काचे मोदक पानात तसेच ठेवून उठायचं. आक्काचा हात डोळ्याला जायचा, पण हट्ट काही सुटायचा नाही. दोघं एकाच आईची! आणि मी? मी शिफ्टचं निमित्त करून पळायचो. आज त्याची लाज वाटते.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मामा गेले. आक्का म्हणाली, "गणपती येणारच." आरती झाली, फुलं हातात घेतली, आणि उद्देशिका म्हणायला कोणी पुढे होईना. मग आक्कानेच फ्रेमकडे बघून सुरू केलं, "भारताचे..." आणि थांबली. तशीच फुलं मुठीत धरून ती ओटीच्या पायरीपर्यंत गेली.

"ये गो वर," ती म्हणाली. "तुझ्याबिगर पहिला शब्द म्हणता येत नाय आमाला."

पत्रीवालीने पाय लुगड्याला कितीदा पुसले, कोण जाणे. ती वर आली, आक्काच्या शेजारी उभी राहिली. आक्काने निम्मी फुलं तिच्या ओंजळीत घातली आणि आम्ही सगळ्यांनी पहिल्या शब्दापासून म्हटलं. माझी शिफ्ट चुकली. चुकू दे म्हटलं.

नैवेद्य दाखवून झाल्यावर आक्काने ताटातला एक मोदक उचलला आणि त्या फ्रेमखाली ठेवला.

"आता तरी खा रे," म्हणाली.