डाव्या कोपऱ्यातली टकटक

सगळे मासे बंधाऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेपट्या तेवढ्या हलत होत्या. दुपार ढगाळ होती, पाणी नितळ होतं आणि भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात हातभर लांबीचे खडस एकामागे एक दाटीने थांबले होते. कुणीतरी दार उघडेल म्हणून थांबावं, तसे. समोर दार नव्हतं. काळं पडलेलं काँक्रीट होतं.

उजव्या टोकाला आम्ही त्यांच्यासाठी खास बांधलेली शिडी होती. तिच्यातून पाणी खळखळत होतं. तिच्यात एकही मासा नव्हता.

"त्यांना लिफ्ट पायजे असंल मॅडम," किसन म्हणाला. "सोनिवलीच्या बिल्डिंगमधी पन कोन शिरीनं जात नाय."

किसन हा बंधाऱ्याशेजारी राहणाऱ्या जनाबाईंचा मुलगा. आनंदनगर एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट करायचा आणि दुपारी जेवून आमची गंमत बघायला यायचा. मी हसले, पण मला त्या कोपऱ्याकडे फार वेळ बघवत नव्हतं. एवढे मासे आणि जराही आवाज नाही.

मी ठाण्यातल्या एका कन्सल्टन्सीत काम करते. ओढे, नाले, छोटे बंधारे यांतलं जीवन पुन्हा सुरू करणं हे आमचं काम. माझे वडील आनंदनगरलाच एका कंपनीत हेल्पर होते. शाळा मुरबाडकडे झाली. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा पाठक सरांनी मला नोकरी दिली आणि स्वतःच्या टेबलाशी बसवून ड्रॉइंग वाचायला शिकवलं. हे आधीच सांगते, कारण पुढे सरांना जे विचारायची वेळ आली ते मला सोपं गेलं नाही.

खडस म्हणजे पुस्तकातला महसीर. तो पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वरच्या गोट्यांच्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पण हा बंधारा त्याच्या वाटेत होता. खालच्या अंगाला, शहराकडे, ओढ्यात कुणाकुणाचे टँकर रिकामे होतात. आदल्या उन्हाळ्यात तिथला डोह पांढऱ्या पोटांनी भरला होता, तो वास मी विसरलेले नाही. त्यातून वाचलेले खडस आता भिंतीशी उभे होते. या पावसात ते वर गेले नाहीत, तर उन्हाळ्यात पुन्हा त्याच डोहात परतणार होते. पुढच्या वर्षी चढायला कुणी उरेल असं मला वाटत नव्हतं.

म्हणून ती शिडी. भिंतीला लागून पायऱ्यांसारखे छोटे हौद बांधतात. मासा एका हौदातून दुसऱ्यात उडी मारत वर जातो. पाठक सर हे काम परदेशात शिकले होते, तिथे ते ट्राउट नावाच्या माशासाठी करतात.

सरांचा पहिला अंदाज होता की पायऱ्या उंच झाल्या. "ट्राउट उडी जास्त मारतो. आपल्याला हाइट कमी करावी लागेल." आम्ही फळ्या टाकून प्रत्येक उडी निम्मी केली. काही फरक पडला नाही.

मग मी एक खडस जाळीने धरून खालच्या हौदात सोडला. तो क्षणभर थांबला आणि एकेक हौद पार करत सरळ वर निघून गेला. म्हणजे शिडी बरोबर होती. माशांना तिचं दार सापडत नव्हतं.

आमच्या धंद्यात याला अट्रॅक्शन फ्लो म्हणतात. मासा डोळ्यांनी रस्ता शोधत नाही. पाणी जिथून ओढ देतं, तिकडे तो जातो. शिडीतून तर चांगली धार पडत होती. कोपऱ्यातलं पाणी डबक्यासारखं स्थिर. मग ओढ कसली?

"अगं, तांदूळ!" सर फोनवर म्हणाले. "तिथे रोज कुणीतरी तांदूळ टाकतं ना? खायला मिळतं म्हणून थांबतात."

तांदूळ जनाबाई टाकायच्या. कोपऱ्यावरच्या काठाला शेंदूर लावलेले आसरांचे दगड आहेत. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. जनाबाईंची सासूही तिथे तांदूळ वाहायची. मी भीत भीत त्यांना विचारलं, थोडे दिवस बंद ठेवाल का?

त्या हसल्या. "मी तांदूल टाकतंय म्हनून मासं येत नाय गो बाय. मासं येतात म्हनून मी टाकतंय. पन तुझ्या मनाचं व्हऊ दे."

त्यांनी खरोखर बंद केले. मासे हलले नाहीत. आता तर ते उपाशी उभे होते.

मग पावसाने उघडीप दिली. भिंतीवरून वाहणारं पाणी थांबलं, सगळं पाणी शिडीतून जायला लागलं आणि ओढा एकदम गप्प झाला. मी कोपऱ्यात पाण्याचं तापमान घेत होते. तेव्हा ऐकू आलं.

टक.

मला वाटलं वरून खडा पडला. पुन्हा आलं. टक, टक. लोखंडावर कुणी बोटाचं हाड मारावं, तसं. आवाज वरून येत नव्हता. मी भिंतीला कान लावला. काँक्रीट गार होतं आणि आत खोल कुठेतरी बारीक घुमत होतं. त्या घुमण्यात मधूनच, अगदी स्पष्ट, टक.

समोर पाण्यात सगळे मासे तिकडेच तोंड करून होते. तेही ऐकत आहेत असं मला वाटलं आणि मी पटकन पाण्याबाहेर आले.

काठावर जनाबाई उभ्या होत्या.

"आयकलंस?"

"काय आहे ते?"

"आतमंदी कोन तरी हाय," त्या म्हणाल्या. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, इतक्या सहज. "बंधारा झाला ना, तवापासून. माझी सून याच्यापायी हितं रायली नाय. किसन पन जागा विकाया निंगला."

"अरे यार, आई," किसन मागून ओरडला, "मॅडमला पन घाबरवते का? पाइप-बिइप असेल कुछ."

तो हे चेष्टेत बोलला होता. माझ्या डोक्यात मात्र पाइपच अडकला. बंधारा बांधताना ओढ्याचं पाणी कुठेतरी वळवावं लागतं. त्यासाठी तळाशी एक पाइप ठेवतात आणि भिंत पूर्ण झाली की त्याचं तोंड बंद करतात. निदान बंद करायला तरी हवं.

मी सरांना फोन केला. ड्रॉइंगमध्ये असा पाइप दाखवलेला नव्हता.

"सर, मला डावा कोपरा उघडून बघायचाय."

"नाही. पहिल्या व्हिजिटलाच ठरलं होतं. तिथे देव आहे, इट्स सेन्सिटिव्ह. म्हणून तर शिडी उजवीकडे घेतली. शिवाय गाडी त्याच बाजूला जाते. उद्या गाव अंगावर आलं तर फंड देणारी कंपनी एका दिवसात हात वर करेल."

"सर, गावाला विचारलं होतं का?"

मला आत कुठेतरी लाज वाटली. ज्या माणसाने मला शिकवलं, त्यालाच मी हे विचारत होते.

"अशा गोष्टी विचारायच्या नसतात," सर म्हणाले. "समजून घ्यायच्या असतात."

दुसऱ्या दिवशी मी माशांना अपाय न करणारा हिरवा रंग आणला. भिंतीच्या वरच्या बाजूला, डाव्या टोकाशी, बांबूला बाटली बांधून खोल पाण्यात सोडला. मग खाली येऊन बसले. किसन शेजारी येऊन उकिडवा बसला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कोपऱ्यात, दगडांच्या खालून, एक हिरवी रेघ बाहेर आली. धुरासारखी. ती माशांच्या मधून हळूहळू सरकत गेली. मासे बाजूला झाले नाहीत. ते आणखी पुढे सरकले.

"भिंत ओकतंय," किसन म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

मी थेट जनाबाईंच्या ओट्यावर गेले. "आजी, आसरांच्या दगडांना हात लावणार नाही. पण त्यांच्या खाली पाण्यात जे मोठे दगड आहेत, ते काढू का?"

मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"एवरी वर्सं," त्या म्हणाल्या, "सायब आलं, सरपंच आलं, तुझा तो टोपीवाला सर आला. सगली लांबून पाया पडली नि गेली. येकानं पन ईचारला नाय, म्हातारे, उघरू का म्हनून." त्या उठल्या आणि पदर खोचला. "चल. मी येतंय."

मी सरांना कळवलं. "त्या स्वतः हो म्हणाल्या? मग मी येतो. मी येईपर्यंत थांबा."

कोपऱ्याभोवती वाळूच्या गोण्या लावून आतलं पाणी बाहेर काढलं. किसन आणि त्याच्या दोन मित्रांनी पहारीने दगड सारले. मागे खरंच एका पाइपचं तोंड होतं. त्याच्यावर एक धोंडा असा बसला होता की कडेला फक्त हात जाईल एवढी फट उरली होती. धोंडा हलला तसं आतून पाणी आलं. गार, बंद खोलीसारख्या वासाचं. त्याबरोबर पांढरट खवले आले, मूठमूठ. मग काटे. मग माशांची डोकी, बोराएवढी, पेरूएवढी, नुसत्या हाडांची.

किसनने पहार खाली ठेवली.

मग आत काहीतरी सरकलं. आधी शेपटी दिसली. तो मासा उलटा बाहेर आला, शेपटीकडून, कारण त्याचं तोंड आत होतं आणि वळायला जागा नव्हती. माझ्या हातापेक्षा लांब खडस. खडसाच्या अंगावर सोनेरी झाक असते. हा मेणासारखा पांढरा होता. त्याचं नाक आपटून आपटून चपटं झालं होतं.

पुढचा उलगडा सरांनी केला. पाइपचं वरचं तोंड कुणीतरी लोखंडी प्लेट लावून घाईत बुजवलं होतं. ती गळत होती. खाली ओढ लागायची ती याच गळतीची, तळाच्या गार पाण्याची. लहान मासे फटीतून आत शिरायचे. बरेच मरायचे. हा मात्र आतच, अंधारात वाढला असावा. तो वाढला, फट तेवढीच राहिली. आणि वर जायच्या दिवसांत तो प्लेटवर डोकं मारत राहिला. त्याच्या आधी बहुधा दुसरा कुणी मारत असेल.

पाण्याने भरलेल्या घमेल्यात तो वाकडा होऊन जेमतेम मावला. जनाबाई नमस्कार करतील असं मला वाटलं होतं. त्या घमेल्यावर वाकल्या आणि त्याला रागावल्या.

"कवाची हाका मारतंस. आमी नुसतं तांदूल टाकत बसलो."

बंधाऱ्याच्या वरच्या पाण्यात आम्ही त्याला सोडलं. पांढरा असल्यामुळे तो खूप लांबपर्यंत दिसत राहिला.

त्या वर्षी बाकीच्या खडसांना जाळीने धरून, घमेल्यांतून, आम्ही हातानेच वर नेलं. पुढच्या उन्हाळ्यात पाइप दोन्ही बाजूंनी पक्का भरला. सरांनी स्वतः नवीन ड्रॉइंग काढलं. डाव्या कोपऱ्यात, आसरांच्या दगडांना धक्का न लावता, भिंतीला खाच पाडली आणि खाली गोट्यांचा उतार केला. उन्हाळ्यात खाचेत फळ्या बसवतात, त्यामुळे गावाचं पाणी एक थेंब कमी झालेलं नाही. पावसाळ्यात फळ्या काढतात. पहिल्याच पावसाळ्यात खडस त्या उतारावरून चढले. पाठ पाण्याबाहेर काढून, कुणी हाक मारल्यासारखे.

किसनने जागा विकली नाही. सून परत आली. मी जनाबाईंना विचारलं, आता शांत वाटतं ना?

"शांत हाय," त्या म्हणाल्या. "मना झोप येत नाय मातर. सवय व्हती."

तेव्हापासून कोणत्याही बंधाऱ्यावर गेले की मी आधी भिंतीला कान लावते. सोबतचे इंजिनिअर हसतात. मग काठावर राहणाऱ्या माणसाला शोधते आणि ज्या जागेला हात लावायचा नाही असं ऑफिसने ठरवलेलं असतं, तिथे हात लावू का, हे त्याला विचारते. निम्म्या वेळा नाही म्हणतात. पण ते त्यांनी म्हटलेलं असतं.

उजवीकडची शिडी अजून तिथेच आहे. तिच्यातून कुणी चढत नाही. पायऱ्यांची उंची बरोबर आहे म्हणून बायका तिच्यावर गोधड्या धुतात. गाडीही तिथपर्यंत जाते.