मामांच्या नडगीतली सळई

उमरगा तालुक्यात नडगी मोडलेला असा एकही माणूस नसेल, ज्याच्या घरी माझ्या बायकोचे मामा चहा प्यायले नाहीत. मामा निवृत्त तलाठी. हायवेवर मोटारसायकलवरून घसरले, धाराशिवच्या डॉक्टरांनी मोडलेल्या हाडाच्या पोकळीतून लांबलचक सळई घातली, आणि मामा जणू पुन्हा नोकरीवर रुजू झाले. लग्नात आहेराच्या आधी त्यांच्या पिशवीतून एक्स-रे निघे आणि नवरदेवालाही तो उजेडाकडे धरून बघावा लागे. कुणाचा पाय मोडल्याचं कळलं की मामा एस.टी.नं हजर. सळई घातलेल्या माणसाला ते चालायला लावत आणि दहापैकी गुण देत. धाराशिवकडच्या वाशीच्या एका पैलवानाला चार मिळाले, तर तो दोन दिवस धड जेवला नाही म्हणे. डॉक्टरांनी सळई काढायचं सुचवलं, तेव्हा "ती आता घरची झाली" म्हणून मामा रागानं उठून आले.

पण शेजारच्या गंगाबाईंपुढं त्यांची मात्रा चालेना. त्यांच्या पायाचं मोडलेलं हाड जुळलं होतं, डॉक्टरांनी पायावर भार द्यायला सांगितलं होतं, तरी भीतीनं बाई बाजेवरून उतरत नव्हत्या. लेकीनं समजावलं, तर रडल्या. मग मामा रोज सकाळी त्यांच्या दारात खुर्ची टाकून भावकीतली भांडणं सांगू लागले. खुर्ची रोज हातभर मागं आणि आवाज रोज थोडा बारीक. नवव्या दिवशी, गंगाबाईंची जाऊ सुनेला काय म्हणाली, नेमका तिथंच आवाज बुडाला. बाई वॉकर धरून उठल्या, दोन पावलं आल्या.

"मोठ्यानं बोला की. काय म्हणली ती?"

मामांनी खुर्ची उचलली आणि आणखी मागं नेली. महिन्याभरात खुर्ची रस्त्याच्या मधोमध पोचली. एस.टी.च्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तर मामांनी हात करून त्याला थांबवलं आणि बाई चालत येतायत म्हणून सांगितलं. गाडीतली माणसंही खिडकीतून जावेची गोष्ट ऐकत राहिली.

गंगाबाई आता दिवस उगवताच शेताला जातात. त्यांना बसायला वेळ नसतो. परवा गेलो, तर मामा एकटेच ओसरीवर होते. करमत नसेल ना, असं मी विचारलं. त्यांनी शेताच्या रस्त्याकडं बघितलं.

"पाय बरा झाला की माणूस जाणारच," मामा म्हणाले. "लई झपाझपा चालती."