सणाचे आकडे

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही आत्यांना ओळखत नाही, म्हणून असेल. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मूळच्या मंगळवेढ्याच्या, आता आमच्याकडे सोलापुरात.

त्यांना शुगर. डॉक्टरांनी माझ्या मोबाइलवर त्यांच्या नावाचं आरोग्याचं खातं उघडून दिलं. रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं, यंत्रावर येईल तो आकडा खात्यात भरायचा. तिकडे डॉक्टरांना तो दिसणार आणि त्यावरून ते इन्सुलिन ठरवणार. काम दोन मिनिटांचं. त्यात मी शिक्षिका — आकडे भरण्यात माझा हात कोण धरणार?

पहिला महिना नीट गेला. मग एके सकाळी शाळेची घाई — राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. शाळेत ऑनलाइन माहिती तुंबली की रविवारी बसून अख्खा आठवडा भरून टाकायची आम्हाला सवय. तसंच इथे केलं. एकशे अठरा, एकशे सव्वीस, एकशे एकवीस. काही बिघडलं नाही. — म्हणजे, बिघडत होतं. बोट टोचलं असतं तर दिसलं असतं.

आत्या सकाळी बोट पुढे करून बसायच्या. आज डॉक्टरांनी नको म्हटलंय, असं मी सांगायचे. त्यांना वाचता येत नाही. मला तेवढं पुरत होतं.

पुढचं याहून वाईट. सगळे आकडे सारखेच दिसले तर संशय येईल, एवढी हुशारी माझ्यात होती. म्हणून संक्रांतीच्या, होळीच्या, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोठे आकडे टाकले. दोनशे दहा. दोनशे तीस. खरं वाटावं म्हणून! खरं काय, ते मला माहीत होतं ना? संक्रांतीला आत्यांनी हातातला तिळाचा लाडू शेजारच्या मुलीला देऊन टाकला होता. मी तिथेच उभी होते.

डॉक्टर आलेख बघून खूश. इन्सुलिन तेवढंच ठेवलं, रक्ताची मोठी तपासणी पुढे ढकलली. सून असावी तर अशी, म्हणाले. मी हसले. चपलेनं घासून आत्यांच्या डाव्या अंगठ्याला झालेली जखम तेव्हाच भरत नव्हती.

मे महिन्यात अंगठा काळा पडला. दवाखान्यात नेलं तर शुगर चारशेच्या घरात. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी नवऱ्याला तो आलेख दाखवला. प्रत्येक सणाच्या दुसऱ्या दिवशी वर गेलेल्या रेघा. पथ्य पाळलेलं नाही, म्हणाले, चोरून खाणं चाललेलं आहे. नवरा कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरीला, शांत माणूस. त्या दिवशी मात्र आईवर भडकला. आपल्या हातानं आपला पाय घालवलास, असं बोलला. मी पलंगाशी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. का नाही बोलले? — भीती वाटली. दुसरं काही नाही.

मी न्हाय खाल्लं, असं आत्या दोनदा म्हणाल्या. मग माझ्या मोबाइलकडे बघत राहिल्या.

"त्यात दिसतंय म्हंजे खाल्लं असंल की मी," त्या म्हणाल्या. "माझ्याच ध्यानात न्हाय."

तेव्हापासून त्यांचा स्वतःवर विश्वास उरलेला नाही. साखरेचा डबा मला कपाटात कुलपात ठेवायला लावतात. जेवण झालं की विचारतात, आत्ता मी काय खाल्लं? मी सांगते. मी सांगेन ते खरं धरतात.

गेल्या आठवड्यात इन्सुलिन देताना त्यांनी माझा हात धरला.

"माझ्या जिभेपायी तुला लई तरास झाला, पोरी. माफ कर मला."

"असू द्या, आत्या," मी म्हणाले.

म्हणजे — मी त्यांना माफ केलं.