युक्रेनच्या नकाशावरची माझी टिकली

या, अशा जवळ सरका. उंबऱ्यात काऊन उभे? अन् तो फोन ठेवा बाजूला. लढाईचं सांगा म्हणता अन् वर म्हणता, पाच मिनिटांत सांगा! माझ्या नातीला तिकडून घरी यायला अकरा दिवस लागले. ते पाच मिनिटांत कसं सांगू?

नात युक्रेनला खार्किवमध्ये डॉक्टरकी शिकत होती, चौथ्या वर्षाला. अन् लढाई सुरू झाली. टीव्हीवर नुसता धूर. तिचा फोन आला, "आजी, आमी सगळ्या होस्टेलच्या तळघरात आहो. गाडी मिळाली की निघतो."

तेलंगणात आदिलाबादजवळच्या या जैनथला आमचं बांगड्या-टिकल्यांचं दुकान. मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचणं दुकानात बसून, पुड्यांचे कागद वाचून आलं. लेकाला जगाचा नकाशा आणायला लावला, भिंतीवर डकवला. जिथं नात, तिथं लाल टिकली लावायची. पहिली टिकली लावली तर तिच्याखाली अर्धा देशच झाकला! मग सगळ्यात बारीक पाकीट फोडलं.

सहा दिवस टिकली जागची हलली नाही. बांगड्या भरायला आलेल्या बाया आधी भिंतीकडं पाहत अन् मग हात पुढं करत. ज्यांना शाळेत भूगोल कधी जमला नाही त्या बाया पोलंड कुठं, हंगेरी कुठं सांगू लागल्या. एक म्हणाली, "काकू, तिथं डोंगर दिसते. गाडी हळू चालत असंन." सातव्या दिवशी पोरगी गाडीत चढली, उभ्याउभ्या रात्र काढली, मग बर्फात चालत सरहद्द ओलांडली. टिकली पोलंडात सरकली तेव्हा दुकानात पेढे वाटले.

अकराव्या दिवशी आदिलाबादहून ऑटो आला. मी दारात भाकरतुकडा अन् पाण्याचा तांब्या घेऊन उभी. लांबून आलेल्यावरून तुकडा उतरवून टाकल्याशिवाय आमच्याकडं घरात घेत नाहीत. ऑटोतून एक पोरगी उतरली. फुगीर जाकीट, कानटोपी, तोंडाला मास्क. मी रडत रडत तिच्यावरून भाकरतुकडा उतरवला, दूर फेकला, अन् तिला मिठी मारली.

मागून आवाज आला, "आजी, मी इकडं आहो! ती माझी मैत्रीण होय!"

मैत्रीण बेज्जूर गावची, तेलुगू बोलणारी. दुसऱ्या दिवशी तिचे बाबा न्यायला येणार होते. ती बिचारी मान खाली घालून उभी होती, तिला वाटलं हा इथला रिवाजच असंन.

भाकर तर एकच होती. सून आतून ओरडली, "आई, पोळीचा तुकडा चालंन का?"

नात म्हणाली, "पोळी नको. भाकरच टाक. अन् ओवाळायला नाही, खायला!"

बाहेर जमलेली गल्ली हसून हसून बेजार.

लढाई काही थांबली नाही. वर्षभर पोरगी घरी बसून मोबाइलवर शिकली. मग दुसऱ्या देशात जाऊन शिक्षण पुरं करायची सोय झाली, तर ही म्हणाली, "मी आता कुठंच जात नाही, आजी." पोरीची डॉक्टरकी तिथंच अडकली.

मी म्हटलं, "नको जाऊ. टिकल्या विकायला मला माणूस पाहिजेच."

तिनं माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. "टिकल्याच विकायच्या असत्या, तर तळघरात पुस्तक उशाला घेऊन काऊन झोपली असती मी?"

गेली. शिकून आली. इथली परीक्षा पहिल्यांदा हुकली, दुसऱ्यांदा पास झाली. सरकारी दवाखान्यात वर्षभर कामही शिकली. आता माझंच मीठ बंद करून राह्यली, मोठी डॉक्टरीण!

आज ती दवाखान्यात आहे, म्हणून तुमची भेट हुकली. पुढच्या महिन्यात बेज्जूरकडं कामावर जाते. तिथं ती मैत्रीण आधीच डॉक्टर झाली आहे, तिनंच हिला ओढलं. पोरगी निघायच्या आत एखाद्या रविवारी या. जेवायलाच या. उशीर नका करू बरं.